फौजी बापाकडून मुलाची पोटगी: पितृत्वाच्या पुराव्यापासून पगारातल्या कपातीपर्यंत

नवरा साध्या सरकारी नोकरीत असेल तर कोर्ट त्याच्या ऑफिसला पत्र पाठवतं आणि पोटगीची रक्कम पगारातून वळती होते. लष्करात हे इतकं सरळ नाही. आर्मी ॲक्ट, १९५० च्या कलम २८ प्रमाणे दिवाणी किंवा महसूल कोर्टाला जवानाच्या पगारावर जप्ती आणता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्येही सैन्य, नौदल आणि हवाई दलाचा पगार जप्तीतून वगळलेला आहे. हा नियम माहीत नसल्यामुळे हुकूम हातात असूनही वर्षानुवर्षं एक पैसा न मिळालेल्या बायका कोर्टाच्या आवारात भेटतात.

पण त्याच कायद्याने दुसरा दरवाजाही ठेवला आहे. कलम ९० चा खंड आय अधिकाऱ्यांसाठी आहे आणि कलम ९१ चा खंड आय जेसीओ (ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर, म्हणजे जवान आणि अधिकारी यांच्या मधल्या हुद्द्याचे) व जवानांसाठी. पत्नीच्या आणि मुलाच्या पोटगीसाठी पगारातून कपात करण्याचा अधिकार या खंडांनी लष्करालाच दिला आहे. कायद्याचे शब्द ‘औरस किंवा अनौरस मूल’ असे आहेत. त्यामुळे लग्न झालेलं नसलं, मोडलेलं असलं किंवा मुळातच बेकायदेशीर ठरलेलं असलं, तरी मुलाचा हक्क शाबूत राहतो. नौदलाच्या १९५७ च्या आणि हवाई दलाच्या १९५० च्या कायद्यातही अशीच सोय आहे. सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफ यांनाही गावात फौजीच म्हणतात, पण त्यांना आर्मी ॲक्ट लागू नाही. त्यांच्या पगारातली कपात नेहमीच्या कोर्टी मार्गाने होते.

काम तीन ठिकाणी चालतं: पितृत्वाचा पुरावा, कोर्टाचा हुकूम, आणि पलटणीकडून प्रत्यक्ष कपात. घटस्फोट झालेला असेल तर यातली एकही पायरी गाळता येत नाही. का, ते पुढे येईल.

आधी त्याची ओळख पक्की करा

आर्मी नंबर, रँक, पूर्ण नाव, युनिट आणि रेकॉर्ड ऑफिस ही माहिती हातात नसेल तर पुढचा प्रत्येक कागद परत येतो. जवानाचा नंबर म्हणजे आकडे आणि त्यांच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर. हे अक्षर लोक हमखास विसरतात. जेसीओच्या नंबराआधी जेसी लागतं, कायम कमिशनच्या अधिकाऱ्याच्या नंबराआधी बहुधा आयसी असतं. हा नंबर जुन्या डिपेंडंट कार्डावर, कॅन्टीन कार्डाच्या झेरॉक्सवर, मिलिटरी हॉस्पिटलच्या केसपेपरवर, मुलाच्या आर्मी स्कूलच्या दाखल्यावर किंवा त्याने पाठवलेल्या जुन्या पाकिटावर सापडतो.

पत्त्यात ‘द्वारा ५६ एपीओ’ किंवा ‘द्वारा ९९ एपीओ’ असेल तर तो फौजी टपालाचा पत्ता आहे. त्याचा पिनकोड ९ ने सुरू होतो. हा पत्ता नकाशावर सापडत नाही आणि तिथे बेलीफ जाऊ शकत नाही. पण त्या पत्त्यावर स्पीड पोस्टने टाकलेलं पत्र युनिट जिथे असेल तिथे पोचतं. युनिट बदललं असेल आणि नवं माहीत नसेल तर रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहावं. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं सेंटर बेळगावला आहे, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला. जवान कुठेही असो, त्याची सेवापुस्तिका रेकॉर्ड ऑफिसकडे असते. अधिकाऱ्यांच्या पगाराचा हिशेब पुण्याचं पीसीडीए (ओ) हे लेखा कार्यालय ठेवतं आणि जवानांचा त्या त्या सेंटरशी जोडलेलं पीएओ (पे अकाउंट्स ऑफिस).

पितृत्व: कायदा कुणाच्या बाजूने उभा आहे ते आधी बघा

लग्नात जन्मलेल्या मुलाच्या बाबतीत कायदा आईच्या आणि मुलाच्या बाजूने उभा आहे. जुन्या पुरावा कायद्याचं कलम ११२ आता भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मध्ये कलम ११६ झालं आहे. लग्न चालू असताना किंवा लग्न संपल्यापासून २८० दिवसांच्या आत मूल जन्मलं आणि आईने तोवर दुसरं लग्न केलं नसेल, तर ते मूल त्याच नवऱ्याचं हे निर्णायकपणे सिद्ध झालेलं मानतात. नवऱ्याला ते खोडायचं असेल तर एकच वाट उरते: गर्भधारणेच्या काळात आपला पत्नीशी संबंध येणं शक्यच नव्हतं, हे त्याने दाखवायचं.

फौजीच्या प्रकरणात नेमका इथेच डाव पडतो. ‘मी तेव्हा बॉर्डरवर होतो’ हे वाक्य ऐकायला बिनतोड वाटतं. म्हणून तारखा मांडून बघा. समजा मूल १५ डिसेंबरला पूर्ण दिवसांचं जन्मलं. २८० दिवस मागे गेलं की १० मार्च येते. ही शेवटच्या पाळीची अंदाजी तारीख झाली. गर्भधारणा त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी, म्हणजे २४ मार्चच्या आसपास. आता प्रश्न एवढाच राहतो की मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत तो कुठे होता. जवानाला वर्षाला ६० दिवस वार्षिक आणि ३० दिवस किरकोळ रजा असते. १२ मार्च ते १० एप्रिल अशी सुट्टी त्याच्या लीव्ह सर्टिफिकेटवर निघाली, तर बॉर्डरचा मुद्दा तिथेच संपतो. तो पीस स्टेशनला (सीमेपासून दूरच्या, कुटुंब सोबत ठेवता येतं अशा ठाण्याला) असेल आणि तुम्हाला फॅमिली क्वार्टर मिळालेलं असेल, तर क्वार्टरचं वाटपपत्र तेच काम करतं.

रजेची नोंद माहिती अधिकारातून मागितली तर वैयक्तिक माहिती म्हणून बहुधा नकार येतो. त्यात सहा महिने घालवू नका. कोर्टातच अर्ज द्या की युनिटने अमुक ते अमुक तारखांचा रजेचा आणि हालचालीचा रेकॉर्ड हजर करावा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली असा आदेश काढता येतो. अर्जात तारखांची खिडकी नेमकी लिहा. ‘संपूर्ण सेवाकाळाचा रेकॉर्ड’ मागितला की युनिट गोपनीयतेचं कारण पुढे करतं.

याहून मोठा पुरावा बऱ्याचदा त्यानेच स्वतःच्या हाताने करून ठेवलेला असतो. लग्न, मुलाचा जन्म अशा घटना युनिट ‘पार्ट टू ऑर्डर’ म्हणून प्रसिद्ध करतं आणि त्या सेवापुस्तिकेत चढतात. मुलाच्या जन्माची पार्ट टू ऑर्डर निघाली असेल तर ते मूल आपलं असल्याचं त्याने लष्कराला लेखी कळवलेलं आहे. मुलाच्या नावाने शिक्षणभत्ता उचलला असेल, डिपेंडंट कार्ड काढलं असेल, विम्यात नामनिर्देशन केलं असेल, तर तेही मागवून घ्या. वर्षानुवर्षं मुलाचा शिक्षणभत्ता घेणारा माणूस कोर्टात ‘हे माझं नाही’ म्हणाला, तर उलटतपासणीत त्याची पंचाईत होते.

डीएनए चाचणी कधी मागावी, कधी मागू नये

मूल लग्नातलं असेल तर आपण होऊन डीएनए चाचणी मागू नका. वकील कधी कधी ‘एकदाचं सिद्ध करून टाकू’ म्हणतात, पण कायद्याने दिलेलं निर्णायक गृहीतक आपणच बाजूला ठेवण्यात काही फायदा नाही. नवऱ्याने मागितली तरी कोर्ट ती सहज देत नाही. संबंध येणं अशक्य होतं असं प्रथमदर्शनी दाखवल्याशिवाय मुलाला चाचणीला बसवू नये, असं सुप्रीम कोर्टाने १९९३ पासून सांगितलं आहे. फेब्रुवारी २०२३ च्या निकालात मुलाच्या खासगीपणाचा आणि प्रतिष्ठेचा मुद्दा आणखी ठळक केला. जानेवारी २०२५ च्या निकालात औरसपणा आणि पितृत्व वेगळे काढून मागच्या दाराने चाचणी मागण्याची वाटही अरुंद केली. मात्र चाचणी एकदा झाली आणि अहवाल विरुद्ध गेला, तर २०१४ च्या निकालानुसार विज्ञानाला वरचं स्थान मिळतं आणि गृहीतक मागे पडतं. म्हणून नवऱ्याच्या मागणीला हरकत घ्यायची ती आदेश होण्याआधी.

मूल लग्नाबाहेरचं असेल तर चित्र उलटं होतं. इथे गृहीतक नाही, सिद्ध करण्याचा भार आईवर आहे. अशा वेळी डीएनएचा अर्ज पहिल्याच टप्प्यात द्या. सोबत एकत्र राहिल्याचे, पैसे पाठवल्याचे, प्रसूतीच्या फॉर्मवर त्याने सही केल्याचे, मेसेजमध्ये मुलाचा उल्लेख केल्याचे पुरावे जोडा. नुसत्या ‘खरं काय ते कळावं’ या कारणासाठी कोर्ट चाचणी देत नाही, त्यासाठी प्रथमदर्शनी पाया लागतो. आदेश होऊनही त्याने नमुना दिला नाही तर त्याला ओढून नेता येत नाही, पण कोर्ट नकाराचा प्रतिकूल अर्थ काढू शकतं. अर्जात तशी विनंती आधीच लिहून ठेवा.

खासगी लॅबमध्ये परस्पर केलेल्या चाचणीवर पैसे घालवू नयेत. नमुना कुणाचा होता हेच तिथे सिद्ध होत नाही. कोर्टाच्या आदेशाने आई, मूल आणि तो, तिघांचे नमुने ओळखपत्र, फोटो, अंगठा आणि साक्षीदारांच्या सह्यांसह घेतात, सील करतात आणि सरकारी न्यायसहायक प्रयोगशाळेत पाठवतात. महाराष्ट्रात हे काम मुंबईत कलिन्याच्या किंवा विभागीय प्रयोगशाळेकडे जातं. नमुन्याची तारीख त्याच्या सुट्टीशी जुळवून घेण्याची आणि सीओला (त्याच्या कमांडिंग ऑफिसरला) तशी सूचना देण्याची विनंती त्याच अर्जात करा. नाहीतर ‘सुट्टी मिळाली नाही’ या एका कारणावर तीन तारखा जातात.

कोर्टात काय दाखल करायचं

मुख्य हत्यार म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ चं कलम १४४. १ जुलै २०२४ आधी हेच फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ होतं. बोलताना अजून सगळे एकशेपंचवीसच म्हणतात, अर्जावर मात्र नवा क्रमांक टाका. ज्या शहरात कौटुंबिक न्यायालय आहे तिथे अर्ज तिथे, बाकी ठिकाणी प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. तुम्ही आज जिथे राहता तिथल्या कोर्टात अर्ज चालतो, त्याच्या पोस्टिंगच्या गावी जावं लागत नाही. पुनर्विवाह न केलेली घटस्फोटित स्त्रीही या कलमात ‘पत्नी’ धरली जाते. जुलै २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने मुस्लिम घटस्फोटित स्त्रियांनाही हे कलम खुलं असल्याचं स्पष्ट केलं.

आईचा आणि मुलाचा हक्क वेगवेगळा मांडा. प्रत्येकासाठी वेगळी रक्कम लिहा. पत्नीची पोटगी व्यभिचाराच्या, सबळ कारणाशिवाय नांदायला नकार दिल्याच्या किंवा संमतीने वेगळं राहत असल्याच्या मुद्द्यावर अडवता येते. मुलाला यातलं काहीही लागू होत नाही. आई नोकरी करत असली तरी मुलाच्या खर्चातला बापाचा वाटा संपत नाही. एकच ढोबळ आकडा मागितला असेल तर आईचा दावा डळमळला की मुलाचे पैसेही त्यात अडकतात.

परस्पर संमतीच्या घटस्फोटात ‘आईने मुलाची पोटगी सोडली’ अशी ओळ घालून घेतलेली असते. घाबरू नका. मुलाचा हक्क आईला सोडून देता येत नाही, कारण तो तिचा नाहीच. घटस्फोटाच्या हुकुमात मुलाबद्दल काही नसेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली त्याच कोर्टात नंतरही अर्ज करता येतो. कलम १४४ मुख्यतः अज्ञान (१८ वर्षांखालच्या) मुलासाठी आहे. अविवाहित सज्ञान मुलीसाठी हिंदू दत्तक आणि निर्वाह कायदा, १९५६ चं कलम २० वापरायचं.

मुख्य अर्जासोबत त्याच दिवशी अंतरिम पोटगीचा अर्ज द्या. नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत त्यावर निर्णय व्हावा, असं कायदा सांगतो. सोबत उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र लागतंच. ४ नोव्हेंबर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून दोन्ही बाजूंना ते ठरलेल्या नमुन्यात द्यावं लागतं, आणि समोरच्याला त्यासाठी चार आठवडे मिळतात. याच निकालाने पोटगी अर्जाच्या तारखेपासून देण्याचं धोरण घातलं. म्हणून ‘आधी पलटणीत बघू, मग कोर्टात’ असं करत थांबलात तर ते महिने कायमचे बुडतात.

महाराष्ट्रात पोटगीच्या कामात स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे. वकिलाची ऐपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मिळतो. स्त्रिया आणि मुलांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तालुका कोर्टात अर्ज देता येतो, किंवा १५१०० वर फोन करा.

समन्स बजावणीत सर्वात जास्त वेळ जातो. फक्त गावचा पत्ता दिला की म्हातारे आईवडील ‘तो इथं राहत नाही’ सांगतात आणि समन्स परत येतं. अर्जात दोन्ही पत्ते द्या आणि समन्स कमांडिंग ऑफिसरमार्फत बजावण्याचा स्वतंत्र अर्ज करा. फौजदारी बाजूला सरकारी नोकरासाठी संहितेचं कलम ६८ आहे, दिवाणी बाजूला दिवाणी प्रक्रिया संहितेचा ऑर्डर ५ नियम २८. कमांडिंग ऑफिसरच्या हातून पोचलेलं समन्स नाकारणं कुणालाही अवघड असतं.

दिवाणी कामांत इंडियन सोल्जर्स लिटिगेशन ॲक्ट, १९२५ पुढे येऊ शकतो. जवान विशेष परिस्थितीत सेवा करत असल्याचं सक्षम अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र आलं तर कोर्ट काम पुढे ढकलतं. ‘मी फौजी आहे’ एवढ्यावर तारीख मिळत नाही, प्रमाणपत्र लागतं. ते दाखवा म्हणा. त्याच्या साक्षीसाठी व्हिडिओ कॉन्फरन्सिंग सुचवा, नव्या संहितेच्या कलम ५३० मध्ये त्याला जागा आहे.

पगाराचा खरा आकडा

कोर्टात तो हातात पडणारा पगार दाखवेल. तुम्ही पूर्ण पे-स्लिप मागा. जवान ती लष्कराच्या हमराज ॲपवरून एका मिनिटात काढू शकतो, त्यामुळे ‘मिळत नाही’ हे उत्तर खपवून घेऊ नका. त्यात मूळ वेतन, मिलिटरी सर्व्हिस पे (जवान आणि जेसीओंना ५,२०० रुपये), या दोन्हींवर महागाईभत्ता आणि पोस्टिंगप्रमाणे फील्डचे भत्ते असतात. कपातीच्या रकान्याकडे नीट बघा. समजा एकूण ६२,००० आहेत, भविष्यनिर्वाह निधीत १५,०००, कर्जाचा हप्ता १२,००० आणि विमा, मेस वगैरे ५,०००. हातात ३०,०००. केस दाखल झाल्यावर निधीची वर्गणी ५,००० वरून १५,००० केली असेल, तर ते पैसे त्याच्याच खिशात जात आहेत. आधीच्या सहा महिन्यांच्या स्लिपा आणि नंतरच्या सहा शेजारी ठेवल्या की हे बोलून दाखवावंही लागत नाही. स्वेच्छेने वाढवलेल्या कपाती उत्पन्नातून वजा करू नयेत, असा युक्तिवाद लेखी द्या.

पलटणीकडे अर्ज

आर्मी ऑर्डर २/२००१ ने घातलेली मर्यादा अशी आहे: पगार आणि भत्त्यांच्या २२ टक्क्यांपर्यंत पत्नीला, ५.५ टक्क्यांपर्यंत आईच्या ताब्यात असलेल्या प्रत्येक मुलाला, आणि सगळं मिळून ३३ टक्क्यांच्या वर नाही. ५०,००० पगारावर पत्नीला ११,०००, दोन मुलांना २,७५० प्रमाणे ५,५००, एकूण १६,५००. इथेच ३३ टक्के भरतात. तिसरं मूल असेल तर आकडा वाढत नाही.

घटस्फोटित आईची अडचण इथे दिसते. आर्मी ॲक्टच्या कलमातला शब्द ‘पत्नी’ आहे. घटस्फोटानंतर तो २२ टक्क्यांचा हिस्सा मागायला आधार राहत नाही, उरतात मुलाचे ५.५ टक्के. ५०,००० वर २,७५० रुपयांत आजच्या काळात शाळेच्या रिक्षाचं भाडं आणि वह्या निघतील. म्हणून घटस्फोट झाला असेल तर कोर्टाचा हुकूम हाच खरा आधार. पलटणीचा अर्ज तरीही करायचा. एक तर काही रक्कम सुरू होते, आणि दुसरं म्हणजे मुलाची नोंद लष्कराच्या कागदावर पक्की होते. घटस्फोट अजून झालेला नसेल तर मात्र हा अर्ज आजच टाका.

अर्ज सीओच्या नावाने, प्रत रेकॉर्ड ऑफिसला, दोन्ही स्पीड पोस्टने. भाषा हिंदी किंवा इंग्रजी ठेवली तर पुढे भाषांतरात अडकत नाही. मजकूर साधारण असा:

‘विषय: आर्मी ॲक्ट, १९५०, कलम ९१ खंड आय खाली अज्ञान मुलाच्या पोटगीसाठी अर्ज. आपल्या युनिटमधील (नंबर, रँक, नाव) हे माझ्या मुलाचे वडील आहेत. मुलाचा जन्म (तारीख, ठिकाण) येथे झाला. जन्मदाखला आणि विवाहाचा पुरावा जोडला आहे. (महिना, वर्ष) पासून त्यांनी मुलाच्या खर्चासाठी काहीही दिलेले नाही. मूल माझ्या ताब्यात आहे. माझे मासिक उत्पन्न (रक्कम) आहे, त्याचे शपथपत्र सोबत आहे. (कोर्टाचे नाव, अर्ज क्रमांक) येथे पोटगीचे काम चालू आहे. लागू आदेशांप्रमाणे मुलाची पोटगी मंजूर करून खालील खात्यात जमा करावी.’

कोर्टाचं काम चालू असल्याचं लपवू नका. ते त्याच्या उत्तरात येणारच, आणि मग तुमच्या बाकीच्या शपथपत्रावर कुणी विश्वास ठेवत नाही. दोन्हीकडून मिळालेल्या रकमांची नंतर वजाबाकी होते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. अर्जात त्याच्यावरचे इतर आरोप, सासूची भांडणं, दागिन्यांची यादी घालू नका. सीओला एकच प्रश्न सोडवायचा असतो: बाप मुलाला पोसतो आहे की नाही.

पुढे युनिट त्याला कारणे दाखवा नोटीस देतं, त्याचं उत्तर घेतं, सीओची शिफारस जोडून प्रकरण ब्रिगेड, डिव्हिजन अशा पायऱ्यांनी वर जातं. मंजुरीचा अधिकार सीओचा नाही, नियमांप्रमाणे तो सेनाप्रमुख किंवा आर्मी कमांडरच्या पातळीवर आहे. त्यामुळे काही महिने लागतात. दर सहा आठवड्यांनी अर्जाची तारीख आणि पोस्टाची पावती लिहून एक स्मरणपत्र पाठवा. फोनवर क्लार्कने दिलेल्या आश्वासनाची नोंद कुठेच राहत नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून पाठपुराव्याचं पत्र लावून घेता आलं तर तेही करा. मंजुरीविरुद्ध तो सशस्त्र दल न्यायाधिकरणात जाऊ शकतो. तुमच्या अर्जातले कागद अर्धवट असतील तर तिथे आदेश परत फिरतो.

हुकूम मिळाला, पैसे नाहीत

हुकुमाची प्रमाणित नक्कल कोर्टातून घ्या, साधी झेरॉक्स चालत नाही. ती जोडून कलम ९०/९१ च्याच मार्गाने कपातीची मागणी करा. प्रती सीओ, रेकॉर्ड ऑफिस आणि पीएओला (अधिकारी असेल तर पुण्याच्या पीसीडीएला). हुकूम नुसता पीएओला पाठवून बसलात तर तो सक्षम अधिकाऱ्याच्या मंजुरीसाठी पडून राहतो. जवानाच्या पगारातल्या अशा कपातींना आर्मी ॲक्टच्या कलम ९४ ची वरची मर्यादाही आहे, महिन्याच्या पगार-भत्त्यांच्या निम्म्याहून जास्त नाही. म्हणून मोठी थकबाकी एका फटक्यात कापून येईल अशी अपेक्षा धरू नका, ती हप्त्यांत येते.

समांतरपणे कोर्टात वसुली अर्ज टाका. कलम १४४ खाली थकलेल्या रकमेसाठी वॉरंट काढता येतं आणि एक महिन्यापर्यंत कैदही होऊ शकते. आर्मी ॲक्टचं कलम २९ त्याला दिवाणी कर्जासाठीच्या अटकेपासून वाचवतं, दंडाधिकाऱ्याच्या पोटगी वॉरंटपासून नाही. पण रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज केला पाहिजे. दोन वर्षं समजुतीने थांबून तिसऱ्या वर्षी गेलात तर एका वर्षाहून जुनी रक्कम या मार्गाने मिळत नाही. दर आठ-दहा महिन्यांनी, भांडण नको वाटत असलं तरी, अर्ज टाकत राहा.

रागाच्या भरात ‘त्याची नोकरीच घालवते’ हा विचार अनेकींच्या मनात येतो. तो बडतर्फ झाला की पगार थांबतो, पेन्शनही जाऊ शकतं, आणि मुलाची पोटगी ज्या विहिरीतून यायची तीच आटते.

अग्निवीर असेल तर घाई दुप्पट करा. चार वर्षांची नोकरी आणि पेन्शन नाही. पहिल्या वर्षी ३०,००० पैकी हातात २१,०००, चौथ्या वर्षी ४०,००० पैकी २८,०००. उरलेले ३० टक्के सेवा निधीत जातात आणि शेवटी सरकारच्या वाट्यासह व्याज धरून साधारण ११.७१ लाख मिळतात. शपथपत्रावरच्या उत्तरात सेवा निधीचा उल्लेख नसेल तर तो कोर्टाच्या नजरेस आणा, आणि नोकरीचा शेवटचा महिना कोणता तेही लिहा.

बढती, वेतनवाढ किंवा मुलाच्या शाळेचा टप्पा बदलला की नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४६ खाली रक्कम वाढवून मागता येते. मूळ अर्जातच वार्षिक वाढीची विनंती घातली तर हे हेलपाटे कमी होतात.

जवान चाळिशीच्या आत-बाहेर निवृत्त होतो, तेव्हा मूल बहुधा शाळेतच असतं. निवृत्तीची तारीख कळली की सहा महिने आधी रेकॉर्ड ऑफिसला हुकुमाची नक्कल पुन्हा पाठवा. पगारातली कपात पेन्शनमध्ये आपोआप येत नाही. पेन्शन स्पर्श या ऑनलाइन प्रणालीतून प्रयागराजच्या पीसीडीए (पेन्शन) कडून निघतं. पेन्शनला जप्तीपासून संरक्षण आहे हे कारण तो पुढे करेल. पत्नीच्या पोटगीसाठी हे संरक्षण आड येत नाही, असा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा निकाल आहे, वकिलाला तो जोडायला सांगा. त्याच पत्रात मुलाच्या जन्माची पार्ट टू ऑर्डर झाली आहे का, हेही विचारून घ्या. झाली नसेल तर जन्मदाखला आणि पितृत्वाचा कोर्टाचा निष्कर्ष जोडून ती करून घ्या. बापाच्या पश्चात कुटुंब निवृत्तिवेतनात मुलाचा वाटा ठरतो तो याच नोंदीवरून.